क्रिबेन्सिसची अंडी तिसऱ्या दिवशी जातात कुठे?

तुमच्या प्रश्नातील मुद्दे आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे स्पष्ट राहील. पुण्यातील घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तीत ‘आफ्रिकन सिक्लिडची जोडी’ (सिक्लिड हे माशांच्या एका मोठ्या कुळाचे नाव) म्हणून चार महिन्यांपूर्वी आणलेले क्रिबेन्सिसचे नर-मादी, काचेला तोंडाने चिकटणारा एक सकर मासा आणि सहा निऑन टेट्रा राहतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही फिल्टरमध्ये कोरलचे तुकडे ठेवले आहेत आणि पाण्यात मीठ घातले आहे. मादीने मातीच्या कुंडीत दोनदा अंडी घातली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी कुंडी उचलून पाहिली तेव्हा आत काहीच नव्हते. अंडी खाल्ली गेली असे समजून तुम्ही टाकी तळापासून धुऊन काढली, आणि दुसऱ्या खेपेनंतर नराने मादीला इतके हाणले की तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. आता जोडी बदलावी, की पुढच्या वेळी अंडी काढून वेगळ्या भांड्यात उबवावीत, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते या दोहोंपैकी काहीही करू नये. मी वीस वर्षांहून अधिक काळ हे मासे सांभाळत आलो आहे आणि तुमच्या वर्णनात मला वाईट जोडी दिसत नाही. २६ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात क्रिबेन्सिसची अंडी अडीच-तीन दिवसांत फुटतात. बाहेर पडलेल्या पिल्लांना तेव्हा पोहता येत नाही. पोटाला बलकाची पिशवी घेऊन ती नुसती थरथरत पडून असतात. आई ती तोंडात उचलते आणि स्वतः उकरून ठेवलेल्या दुसऱ्या खड्ड्यात, एखाद्या दगडाच्या आडोशाला किंवा झाडाच्या मुळाशी नेऊन ठेवते. म्हणजे तिसऱ्या दिवशी कुंडी रिकामी दिसणे हे अनेकदा सर्व काही सुरळीत चालल्याचे लक्षण असते. टाकी धुताना कदाचित जिवंत पिल्लेच पाण्याबरोबर गेली असतील. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची मला जाणीव आहे, कारण माझ्या पहिल्या जोडीच्या बाबतीत माझ्याही हातून अगदी हेच घडले होते. म्हणूनच हे उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

अंडी खाल्ली गेली की पिल्ले हलवली गेली, हे ओळखण्याची खूण मादीच्या अंगावरच असते. अंडी गेलेली मादी साधारण एका दिवसात कुंडी सोडते, तिच्या पोटाचा गर्द जांभळट लाल रंग फिका पडतो आणि ती पूर्वीसारखी टाकीभर फिरू लागते. पिल्ले जिवंत असतील तर तिचा रंग उलट अधिक उठून दिसतो, अंगावरच्या काळ्या पट्ट्या ठसठशीत होतात, आणि ती एकाच जागेला चिकटून राहून त्या बाजूला आलेल्या प्रत्येकावर, काचेबाहेरच्या तुमच्या बोटावरसुद्धा, धावून जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुंडीकडे न पाहता मादीकडे पाहावे. ती जिथे राखण करीत असेल तिथे पिल्ले असतात.

आता ‘आफ्रिकन सिक्लिड’ या नावाविषयी, कारण मीठ आणि कोरलचा सल्ला त्या नावामुळेच मिळाला असावा. आपल्याकडच्या दुकानांत हे नाव बहुधा मलावी सरोवरातील निळ्या-पिवळ्या माशांना लावतात. यलो लॅब, पिकॉक, झेब्रा हे सगळे तिकडचे. त्या सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून त्याचा पीएच ८ च्या आसपास असतो. कोरल पाणी जड आणि अल्कधर्मी करते, म्हणून त्या माशांसाठी त्याचा उपयोग खरोखरच आहे. परंतु तिथले बहुतेक मासे जोडीने संसार करीतच नाहीत. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या येतात, अंडी देतात, आणि मादी ती तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे उपाशी राहून एकटीच सांभाळते. अशा जातीची ‘एक जोडी’ घरी आणली तर नराचा सगळा मारा त्या एकाच मादीवर पडतो आणि ती बिचारी काही आठवड्यांत दगावते. टांगानिका सरोवरातील काही जाती मात्र जोडीने राहतात. तिथे गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घर करणारे इंचभर लांबीचे मासे आहेत, आणि ज्यांच्या घरात थोरली भावंडे धाकट्यांची राखण करतात अशी ब्रिचार्डी ही जातही आहे. ते मासे मला अतिशय प्रिय आहेत, पण त्यांना लागणारे पाणी आणखी जड आणि अल्कधर्मी असते, म्हणून त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

तुमचा क्रिबेन्सिस या दोन्ही सरोवरांचा नाही. तो पश्चिम आफ्रिकेतला, दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी भागातील संथ ओढ्यांचा व लहान नद्यांचा रहिवासी आहे. काठावरच्या दाट पाणवनस्पती, बुडालेली लाकडे, कुजलेल्या पानांचा थर आणि त्याखालची मऊ वाळू हे त्याचे घर. शास्त्रज्ञ बूलँजर यांनी १९०१ साली त्याचे प्रथम वर्णन केले. आज त्याचे शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पल्कर असे आहे आणि पल्कर या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा होतो. ‘क्रिबेन्सिस’ हे नाव कॅमेरूनच्या किनाऱ्यावरील क्रिबी या गावावरून पडलेले असून ते मुळात त्याच्या एका नातलगाचे होते. व्यापारात ते या माशाला चिकटले आणि आता जगभर तेच चालते. नाव आफ्रिकन असले तरी याला लागणारे पाणी मलावीपेक्षा सह्याद्रीतल्या धरणांच्या पाण्याशी अधिक जुळते. त्यामुळे पुण्यात किंवा मुंबईत ज्यांच्याकडे पालिकेचे धरणाचे पाणी येते त्यांना हा मासा सांभाळणे तुलनेने सोपे जाते.

‘धरणाचे पाणी येते’ ही अट मात्र नीट तपासून घ्या. पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या टाक्यांत पालिकेचे पाणी, टँकरचे पाणी आणि बोअरचे पाणी एकत्र होते, आणि दख्खनच्या काळ्या कातळातून वर येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. आज नळाला आलेले पाणी आणि पुढच्या आठवड्यात येणारे पाणी यांत पुष्कळ फरक पडू शकतो. नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, कारण तो एकूण विरघळलेले क्षार सांगतो, पाण्याचा जडपणा सांगत नाही. पीएच आणि जडपणा मोजण्याची थेंबांची चाचणी-पेटी घेऊन नळाच्या पाण्याची आणि टाकीतल्या पाण्याची वेगवेगळी नोंद ठेवा. क्रिबेन्सिससाठी पीएच ६ ते ७.२ आणि मऊ ते मध्यम जडपणा पुरेसा आहे. टाकीतले कोरल काढून टाका, पण सगळे एकाच दिवशी नको; आठवड्याला थोडे काढत आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत तीन-चार आठवड्यांत ते संपवा. मीठही त्याच पाणीबदलांत आपोआप उतरेल. पाण्यात अचानक झालेला बदल हा किंचित चुकीच्या पाण्यापेक्षा अधिक घातक असतो.

पाणी किंचित आम्लधर्मी करण्यासाठी देशी बदामाची वाळलेली, आपणहून गळून पडलेली पाने वापरावीत. कोकणात आणि मुंबईत रस्त्यारस्त्यावर हे झाड आहे. फवारणी न झालेल्या आणि रहदारीपासून दूरच्या झाडाची तांबूस पाने धुऊन, दोन दिवस पाण्यात भिजवून, तुमच्या टाकीत एक किंवा दोन टाकावीत. पाण्याला चहासारखा फिकट रंग येतो, पीएच थोडासा उतरतो आणि अंड्यांवरच्या बुरशीला काहीसा आळा बसतो. पाणी जड असेल तर मात्र पानांनी पीएच हलत नाही; अशा वेळी आरओचे पाणी निम्म्या प्रमाणात मिसळणे हा खात्रीचा उपाय आहे. निव्वळ आरओचे पाणी कधीही वापरू नये.

पीएचचा प्रश्न केवळ माशांच्या आरोग्यापुरता नाही. या जातीत पिल्ले नर होणार की मादी, हे त्यांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मिळालेल्या पाण्यावरही अवलंबून असते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आम्लधर्मी पाण्यात वाढलेल्या क्रिबेन्सिसच्या पिल्लांत नरांचे प्रमाण बरेच जास्त आणि उदासीन पाण्यात माद्यांचे प्रमाण जास्त आढळले होते. पुढच्या संशोधनात, नराच्या गळ्याकडचा रंग लाल येणार की पिवळा यावरही पाण्याच्या आम्लतेचा परिणाम होतो असे दिसून आले. म्हणून पिल्ले वाढवताना पाणी फार आम्लधर्मी ठेवू नये. मी ते ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवतो आणि मला दोन्ही लिंगांची पिल्ले बऱ्यापैकी सारखी मिळतात.

नराच्या मारामारीचा मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर आजच उपाय करायला हवा. वीण अचानक नाहीशी झाली की या जोड्यांतला बंध काही काळ तुटतो. त्यातच तुम्ही टाकी संपूर्ण धुतल्यामुळे हद्दीच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या, आणि नराच्या दृष्टीने मादी ही त्याच्या हद्दीत घुसलेली परकी ठरली. दोन फुटी टाकीत पळायलाही जागा नसते. प्लॅस्टिकची छिद्रांची जाळी टाकीच्या मापाने कापून मधोमध उभी करा, म्हणजे दोघे एकमेकांना दिसतील पण पोहोचू शकणार नाहीत. मादीच्या बाजूला आडोसा द्या, पाणी स्वच्छ ठेवा. शेपटी आठ-दहा दिवसांत भरून येऊ लागते. तोवर दोघांनाही चांगले खाऊ घाला. मादीचे पोट पुन्हा फुगून रंग चढला आणि ती जाळीपाशी जाऊन अंगाची कमान करून, पोट पुढे काढून थरथरू लागली, की जाळी काढावी. या जातीत मागणी घालते ती मादी. तिने मागणी घातल्याशिवाय दोघांना एकत्र आणू नये, हा नियम मी कधीही मोडत नाही.

जाळी काढल्यावर पहिला तासभर टाकीसमोर बसून राहा. नराने एक-दोनदा हुसकावले तर ते सामान्य आहे. पण मादी कोपऱ्यात वर, पाण्याच्या पृष्ठभागाशी लपून राहू लागली तर पुन्हा वेगळे करा. दोन प्रयत्नांनंतरही तसेच झाले तर ही जोडी जमणारी नाही असे समजून नर बदलण्याचा विचार करावा. पण नवा नर आणताना पुन्हा ‘जोडी’ विकत घेऊ नका. दुकानातल्या एका टाकीतून मोठा दिसला तो नर आणि लाल पोटाची दिसली ती मादी अशी जी जोडी पिशवीत भरून मिळते, ती माणसाने लावलेली जोडी असते. खरी जोडी मासे स्वतः ठरवतात. तीन-चार सेंटिमीटरची पाच-सहा पिल्ले, शक्य तर दोन वेगळ्या ठिकाणांहून आणून, तीन फुटी टाकीत एकत्र वाढवावीत. सहा-आठ महिन्यांत त्यांतले दोघे एक कोपरा धरून इतरांना हाकलू लागतील. तीच जोडी ठेवून बाकीचे मासे दुसऱ्याला द्यावेत. वेळ लागतो, पण अशा जोड्या माझ्याकडे वर्षानुवर्षे टिकल्या आहेत.

नर-मादी ओळखणे या जातीत सोपे आहे. नर दहा सेंटिमीटरच्या आसपास जातो, अंगाने लांबट असतो, आणि त्याच्या पाठीवरचा व पोटाखालचा मागचा पर टोकदार होत शेपटीपर्यंत पोहोचतो. मादी सात-आठ सेंटिमीटरची, गोलसर बांध्याची, आणि तिचे हे पर टोकाला बोथट असतात. पोटावरचा लाल रंग नरालाही थोडा असतो, म्हणून केवळ रंगावर जाऊ नये.

आता टाकीतल्या इतरांविषयी. सकर आधी बाहेर काढा. हा मासा रात्री जागा असतो आणि अंधारात क्रिबेन्सिसच्या पालकांना फारसे दिसत नाही; अंड्यांनी भरलेली कुंडी त्याला सापडली की सकाळपर्यंत काही उरत नाही. शिवाय बाजारात चार इंचांचा दिसणारा सकर पुढे फूटभर होतो, तेव्हा तो तुमच्या टाकीत मुळातच नसायला हवा होता. त्याला कुणी नदीत सोडा असे सुचवले तर कृपया तसे करू नका, दुकानात परत द्या. निऑन टेट्राही दुसऱ्या टाकीत हलवावेत, कारण पिल्ले पोहू लागली की ते एकेक टिपतात आणि पालक त्यांना टिपून मारतात. एवढ्या लहान टाकीत दोन्ही बाजूंचे नुकसानच होते. तीन फुटांहून मोठी टाकी असेल तर वरच्या थरात झेब्रा डॅनियोसारखे चपळ मासे ठेवण्याचा फायदा होतो. समोर परका दिसत राहिला की नराचा राग त्याच्यावर निघतो आणि मादी सुटते. दोन फुटी टाकीत मात्र जोडी एकटीच असावी.

मांडणीसाठी फार खर्च लागत नाही. तळाला चांगली धुतलेली बारीक वाळू दीड-दोन इंच टाका. टोकदार खडी नको, कारण हे मासे सतत तोंडाने उकरत असतात. घरासाठी मातीचे बोळके उपडे घालून कडेला एक खाच पाडावी, किंवा नारळाची अर्धी करवंटी शेंडी आणि काथ्या काढून, उकळून, उपडी ठेवावी. तोंड एवढेच असावे की मादी सहज आत जाईल आणि नराला अंग चोरून जावे लागेल.  मादी अंडी बहुधा आतल्या छताला चिकटवते, म्हणून आतला पृष्ठभाग धुऊन स्वच्छ पण खरबरीत असलेला बरा. मादी एकच असली तरी अशी दोन-तीन घरे ठेवा आणि त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना करा. कोणते घर पसंत पडले ते ती आतली वाळू तोंडाने बाहेर आणून टाकू लागली की समजते. जावा फर्न किंवा अनुबियस लाकडाला बांधून ठेवावे, कारण वाळूत लावलेली झाडे ती उपटून टाकते. फिल्टर स्पंजचाच हवा. पंप बसवलेला पाणी ओढणारा फिल्टर पिल्लांना गिळतो, आणि स्पंजवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांवर पिल्ले दिवसभर चरतात हा दुसरा लाभ.

स्पंजविषयी एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही टाकी तळापासून धुतली तेव्हा पिल्लांबरोबर दुसरेही काही गेले. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वसलेले असतात. नव्या टाकीत ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली स्पंज धुतला की ते मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत हलकेच पिळावा. बदलाचे पाणी चोवीस तास उघड्या बादलीत एअर पंप लावून ठेवावे किंवा त्यात योग्य मात्रेत अँटी-क्लोरीन घालावे. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास अधिक आला तर त्या आठवड्यात पाणी थोडे कमी बदललेले चालते.

तापमान वर्षभर २४ ते २७ अंश असावे. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री हीटरशिवाय भागत नाही. तुमच्या टाकीला ५० ते ७५ वॉटचा हीटर पुरे, आणि त्याच्या आकड्यावर न विसंबता काचेचा थर्मामीटर पाहावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. पाणी ३१ अंशांच्या वर गेले तर झाकण काढून त्या जागी जाळी घाला आणि पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाचे खडे टाकू नयेत. वीज जाण्याचा त्रास असलेल्या भागात सेलवर चालणारा एअर पंप घरी असावा.

वीण यावी म्हणून वेगळी औषधे नसतात. दोन आठवडे विविध आहार आणि त्यानंतर एक-दोन मोठे पाणीबदल एवढे निरोगी जोडीला पुरते. चांगल्या दाण्यांच्या जोडीला गोठवलेल्या ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया (पाणपिसवा) आणि आठवड्यातून एकदा उकडून सोललेला मटारचा दाणा द्यावा, कारण हा मासा निसर्गात वनस्पतिजन्य अन्नही बरेच खातो. गटारांतून गोळा केलेले जिवंत ट्युबिफेक्स कृमी स्वस्त मिळतात, पण त्यांच्याबरोबर रोग येतात. मी ते पूर्णपणे बंद केले आहेत. डासांच्या अळ्या मासे आवडीने खातात हे खरे असले तरी त्यासाठी घरात पाणी साठवून ठेवणे डेंग्यूच्या दिवसांत अत्यंत धोक्याचे आहे.

अंडी पन्नासपासून अडीचशे-तीनशेपर्यंत असू शकतात. कोवळ्या मादीची पहिली खेप लहान असते. मादी आत राहून परांनी अंड्यांना वारा घालते, पांढरी पडलेली अंडी खाऊन टाकते, आणि नर बाहेर पहारा देतो. पहिल्या एक-दोन खेपांत जोडीने अंडी खरोखरच खाल्ली तरी तो त्यांचा दोष मानू नये. पुष्कळदा ती अफलित असतात, किंवा वारंवार कुणी वाकून पाहिल्याने मादी बिथरते. कुंडी उचलून पाहणे हे तिच्या दृष्टीने घराचे छप्पर उडण्यासारखे आहे. अंडी वेगळी काढून मेथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या पाण्यात, हवेचा बारीक प्रवाह सोडून उबवता येतात, आणि धंद्यासाठी मासे वाढवणारे ते करतातही. घरी ते का करू नये याचे माझे कारण साधे आहे: क्रिबेन्सिस सांभाळण्यातला सर्वांत सुंदर भाग म्हणजे त्यांचे पालकपण, आणि अंडी काढून घेतली की आपण नेमका तोच भाग गमावतो.

अंडी घातल्यापासून साधारण सातव्या-आठव्या दिवशी मादी पिल्लांचा ढग घेऊन बाहेर येते. पुढचे तीन-चार आठवडे जे दिसते ते मी शेकडो वेळा पाहिले असेल, तरीही कामधंदा सोडून टाकीसमोर बसतो. आई तळालगत सावकाश पुढे जाते, पिल्ले तिच्याखाली वाळू टिपत सरकतात. काही धोका जाणवला की ती पोटाखालचे पर झटकते, त्याबरोबर सगळी पिल्ले जागच्या जागी वाळूवर बसतात आणि दिसेनाशी होतात. एखादे भरकटले तर नर किंवा मादी त्याला तोंडात घेऊन घोळक्यात आणून थुंकते; पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की खाल्लेच. संध्याकाळी दिवा मालवण्यापूर्वी सगळी पिल्ले पुन्हा घरात नेली जातात, त्यामुळे दिवा रोज ठरावीक वेळी मालवावा आणि खोलीतला प्रकाश मात्र अर्धा तास तसाच राहू द्यावा. गोव्यात आणि सिंधुदुर्गात खाडीतून येणारा काळुंदर हा आपला देशी सिक्लिडही अशीच दोघांनी मिळून पिल्लांची राखण करतो, हे ताटातल्या माशाविषयी फार थोड्यांना ठाऊक असते.

या पिल्लांना पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या इवल्या जिवाची ताजी पिल्ले खाता येतात. एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उपडी टांगावी, पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ आणि अर्धा लहान चमचा आर्टेमियाची अंडी घालून तळापासून जोरात हवा सोडावी. २७-२८ अंशांत चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके तरंगू लागतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की टरफले वर येतात आणि जिवंत पिल्ले खाली, उजेडाच्या बाजूला जमतात. ती हवेच्या नळीने ओढून, दाट विणीच्या कापडातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन थोडी थोडी दिवसातून तीन-चार वेळा ड्रॉपरने पिल्लांच्या घोळक्याशी सोडावीत. गोड्या पाण्यात ती काही तासांतच मरतात आणि उरलेली पाणी नासवतात. उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना उपाय आहे, पण लहान टाकीत तो अमोनिया इतका वाढवतो की मी त्याची शिफारस करीत नाही. या काळात दर दोन दिवसांनी दहा टक्के पाणी हवेच्या नळीने, तोंडाला कापड बांधून काढावे आणि नवे पाणी त्याच तापमानाचे, थेंबाथेंबाने सोडावे.

मादीचे पोट पुन्हा रंगू लागले आणि पालक मोठ्या पिल्लांना टोचू लागले की पिल्ले दुसऱ्या टाकीत हलवण्याची वेळ आली असे समजावे. तोवर त्यांचे काय करायचे हे ठरलेले असावे. शंभर पिल्ले दोन फुटी टाकीत वाढत नाहीत. ओळखीच्या शौकिनांशी किंवा दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. मुंबईत कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात घरी वाढवलेल्या निरोगी माशांना नेहमी गिऱ्हाईक असते. तळ्यात, ओढ्यात किंवा धरणात ती कदापि सोडू नका. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच आहे, आणि ‘चिलापी’ या नावाने तो उजनीच्या पाण्यात आज किती पसरला आहे ते भिगवणच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे.

मादीची शेपटी भरून आली की पुढची खेप महिन्या-दीड महिन्यात येऊ शकेल. अंडी दिसली, किंवा मादी दोन दिवस बाहेर आली नाही, की कॅलेंडरवर तारीख लिहा आणि कुंडीला हात लावू नका. चौथ्या दिवशी समोरच्या काचेतून, टॉर्चवर पातळ कापड धरून, मादी राखीत असलेल्या जागी मिनिटभर पाहा. मोहरीएवढ्या दाण्यांचा थरथरणारा ढीग दिसेल. सहाव्या दिवशी संध्याकाळी आर्टेमियाची बाटली लावा, म्हणजे आठव्या दिवशी सकाळी मादी पिल्ले घेऊन बाहेर येईल तेव्हा त्यांचे पहिले अन्न तयार असेल.